आजीचा फोन, नातवाचा गेम आणि एका रविवारची वाटणी

बँकेचे मेसेज आमच्या सासूबाई उघडत नाहीत. ‘सगळे कर्ज घ्या म्हणणारेच असतात,’ असं त्यांचं म्हणणं, आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. त्यामुळे ऐंशी-ऐंशी रुपये अकरा वेळा गेले तरी घरात कुणाला पत्ता नव्हता. कळलं ते पासबुक भरून आणल्यावर. बँकेतून आल्या, चष्मा लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, “अगं, हा गूगल प्ले कोण? मी त्याला सारखे पैसे का देतेय?” चिरंजीव नेमके पाणी प्यायला आले होते. ते पाणी न पिताच परत फिरले, तेव्हाच निकाल लागला.

८८० रुपये. गेममधल्या बंदुकीला नवा रंग आणि जिंकल्यावर नाचायची एक स्टाइल. पिन त्यानं चोरला म्हणावं तर तसंही नाही. भाजीच्या गाडीवर चष्मा सापडला नाही की आईच, म्हणजे सासूबाईच, त्याला म्हणायच्या, “टाक रे तेवढं.” आणि पिन होता त्याचंच जन्मसाल.

आम्ही दोघं हिंजवडीला नोकरीला. सकाळी सव्वाआठला कोथरूड सोडतो आणि चांदणी चौक ठरवेल तेव्हा परत येतो. मुलगा सातवीत, शाळा सकाळची. दुपारी एक ते चार पुण्यात जे व्हायचं तेच आमच्याकडे होतं: आई झोपतात. फोन उशाशी. पुढचं सांगायला नको. आमच्या एका इमारतीतच अशी चार-पाच घरं निघाली, म्हणून आम्ही काय केलं ते क्रमाने लिहिते.

मूळ घोळ असा होता की एका फोनात दोन माणसं राहत होती. गूगलच्या लेखी तो फोन अडुसष्ट वर्षांच्या बाईंचा. लहान मुलांसाठी कंपन्यांनी जी काही कुंपणं घातली आहेत ती सगळी वयावर उभी असतात. बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, हा गेम बंदीनंतर मे २०२३ मध्ये परत आला तो अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊन. आजीच्या नावाने खेळणाऱ्याला ती लागत नाही. उलट बाजूनेही तेच. आईंच्या यूट्यूबवर कीर्तनाखाली ‘हेडशॉट कसा मारायचा’ यायला लागलं होतं, आणि नातवाने ‘फ्री स्किन’साठी, म्हणजे गेममधल्या फुकटच्या रंगरूपासाठी, कुठून तरी उतरवलेलं एक ॲप त्यांच्या पेन्शनच्या खात्याशेजारी जाऊन बसलं होतं. मुलाचा गेम हा एक प्रश्न आणि आजीची फसवणूक हा दुसरा, असं आपण धरतो. फोन एकच असेल तर दोन्ही एकाच दाराने आत येतात. म्हणून ओरडाआरडा बाजूला ठेवून आम्ही फोनची रीतसर वाटणी केली. सगळं मिळून एक रविवार लागला, मधलं जेवण धरून.

आधी आठवडाभर नुसतं बघा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ नावाचा भाग असतो, आयफोनमध्ये त्याला ‘स्क्रीन टाइम’ म्हणतात. कुठल्या ॲपवर रोज किती वेळ गेला, फोन किती वेळा उघडला, हे तिथे दिसतं. आठवडाभर रोज रात्री हे आकडे वहीत उतरवा. घरातल्या सगळ्यांचे. या आठवड्यात कुणाला काही बोलायचं नाही, कारण बोललात की मूल हुशार होतं आणि आकडे बिघडतात.

आमच्या वहीतून तीन गोष्टी निघाल्या. गेम रात्री नव्हे, दुपारी चालतो. आईंचं व्हॉट्सॲप पहाटे साडेपाचला सुरू होतं. आणि तिसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या आकड्याबद्दल होती, ती मी वहीत लिहायची विसरले. चिरंजीवांनी लाल पेनने लिहिली.

दुसरा फोन उभा करणं

वाटणी म्हटलं की दुसरी जागा हवी. बहुतेक घरांत ती आधीच असते, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. तीन-चार वर्षांपूर्वीचा फोन, काच तडकलेली, ‘चार्जिंग टिकत नाही’ म्हणून बाजूला पडलेला. मुलासाठी नवा फोन घेऊ नका, हे माझं ठाम मत. नवा फोन ‘त्याचा’ होतो. जुना घरचा राहतो.

फोन आधी टेबलावर पालथा ठेवून बघा. मागची बाजू फुगलेली किंवा झाकण उचललेलं दिसलं तर तो चार्जिंगला लावूच नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. बॅटरी बदलून घ्यायची तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जा किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. गल्लीत गेलात तर दुकानदाराला समोरच बदलायला सांगा आणि बिल मागा. बिल मागितल्यावर त्याचा चेहरा बदलला तर पुढच्या दुकानात जा, दुकानांना तिथे तोटा नाही. पार्किंगला मात्र आहे, रिक्षाने गेलेलं बरं.

मग फोन पूर्ण रिकामा करायचा, म्हणजे ‘फॅक्टरी रिसेट’. त्याच्या आधी दोन कामं. जुने फोटो काढून घ्या, आणि फोनमधलं जुनं गूगल खातं सेटिंग्जमध्ये जाऊन काढून टाका. हे दुसरं विसरलात तर पुसलेला फोन सुरू होताना त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो, आणि तो पासवर्ड २०१९ साली कुणी ठेवला होता हे घरात कुणालाच आठवत नाही. आमचा रविवारचा एक तास इथे गेला.

आता त्यावर मुलाच्या खऱ्या जन्मतारखेने गूगल खातं उघडा आणि ते तुमच्या फोनवरच्या ‘फॅमिली लिंक’ ॲपशी जोडा. जन्मतारीख खोटी घालण्याचा मोह होतो, कारण खरी घातली की बरीच ॲप अडतात. ती अडावीत यासाठीच तर हा खटाटोप. फॅमिली लिंकमध्ये चार गोष्टी लावा. एक, नवं ॲप उतरवायला तुमची मंजुरी. दोन, कुठल्याही खरेदीला तुमची मंजुरी. तीन, दिवसाची वेळ, शाळेच्या दिवशी वेगळी आणि सुट्टीला वेगळी. चार, रात्री फोन बंद होण्याची वेळ, आमच्याकडे नऊ.

सिम घालायचं नाही, घरचं वायफाय पुरे. सिम नसलं की ओटीपी येत नाही, नवं व्हॉट्सॲप निघत नाही, आणि फोन सोसायटीच्या गेटबाहेर गेला की मुका होतो. व्हॉट्सॲपला तसंही तेरा वर्षं पूर्ण लागतात, आणि शाळेचा ग्रुप आपल्याच फोनवर असतो. गृहपाठाचा फोटो मी संध्याकाळी दाखवते. ‘दुपारी अभ्यास कळायला फोन हवा’ ही सबब महिनाभर टिकली आणि आपोआप गेली.

ज्यांच्याकडे दुसरा फोन नाहीच, त्यांच्यासाठी दोन उपाय. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली ‘युजर्स’ असतं. तिथे पाहुण्याची वेगळी खोली काढता येते, तिच्यातून आजीचे मेसेज आणि बँक दिसत नाही. सगळ्या कंपन्या ही सोय ठेवत नाहीत. ती नसेल तर ‘ॲप पिनिंग’ लावा. एकच ॲप पडद्यावर खिळून राहतं, आणि बाहेर पडताना पिन मागायचं बटण चालू ठेवलं असेल तर नातू गेममधून थेट बँकेत जाऊ शकत नाही. हा जुगाड आहे, वाटणी नव्हे.

पैशाची कपाटं वेगळी

इथे घाई करू नका. चहा ठेवा, आजीला शेजारी बसवा आणि फोन त्यांच्याच हातात राहू द्या. आपण भराभर बोटं फिरवली की त्यांना वाटतं सगळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी त्या नातवालाच विचारतात.

सुरुवात बोटांच्या ठशांपासून. सेटिंग्जमध्ये ‘फिंगरप्रिंट’ उघडल्यावर आम्हाला तिथे तीन ठसे दिसले. आईंची बोटं कामाने झिजलेली, फोन ती ओळखत नाही, म्हणून सोयीसाठी नातवाचे तीनही ठसे घातलेले! म्हणजे मालकिणीला दार उघडत नव्हतं आणि भाडेकरूकडे तीन किल्ल्या. सगळे ठसे काढले, सहा आकडी पिन ठेवला. तो कुणाचंही जन्मसाल नाही, घर नंबर नाही, गाडीचा नंबर नाही.

मग यूपीआय पिन बदलला. फोनचा पिन आणि यूपीआयचा पिन वेगळे असतात, हे आधी समजावावं लागलं. त्यासोबत एकच नियम: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. ‘पैसे पाठवलेत, पिन टाकून घ्या’ असं सांगणारा प्रत्येक जण चोर. आईंनी हे वाक्य दोनदा म्हणवून घेतलं, पाढ्यासारखं.

‘यूपीआय लाइट’ चालू आहे का बघा. छोट्या खर्चासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे: आधी थोडे पैसे बाजूला ठेवायचे, जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि त्यातून एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. रिक्षा, दूध, कोथिंबीर यांना उत्तम. मात्र पिन लागत नाही म्हणजे कुणालाच लागत नाही. फोन फक्त आजीच्या हातात राहणार असेल तरच ठेवा, आणि त्यात पाचशेच ठेवा.

पेन्शनचं खातं आम्ही यूपीआयमधून काढूनच टाकलं. त्याच बँकेत आईंचं दुसरं बचत खातं उघडलं, महिन्याच्या एक तारखेला त्यात तीन हजार जातात आणि यूपीआयला फक्त तेच जोडलेलं आहे. सगळंच्या सगळं बुडालं तरी तीन हजार बुडतील. आणखी एक सोय म्हणजे ‘यूपीआय सर्कल’. त्यात आजीच्या फोनवरून पैसे जातात पण आपल्या खात्यातून, आणि आपण महिन्याची मर्यादा घालू शकतो किंवा प्रत्येक खर्चाला होकार देऊ शकतो. मला ती कल्पना आवडली होती. आईंना नाही आवडली. “म्हणजे मी कोथिंबिरीला तुझी परवानगी मागू?” विषय संपला. जिथे सासूबाई तयार असतील तिथे जरूर वापरा.

शेवटी प्ले स्टोअर. वर कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडा. तिथे साठवलेलं कार्ड किंवा यूपीआय असेल तर काढून टाका. सेटिंग्जमध्ये खरेदीसाठी पडताळणी ‘प्रत्येक वेळी’ ठेवा. ‘सबस्क्रिप्शन्स’मध्येही डोकवा, आणि यूपीआय ॲपमधलं ‘ऑटोपे’ही तपासा. आईंच्या फोनवर एक भविष्य सांगणारं ॲप दर महिन्याला नव्याण्णव रुपये घेत होतं. त्याबद्दल नातवाने मोठ्या उत्साहाने चौकशी केली.

चुकून झालेली खरेदी असेल तर गूगल प्लेकडे ४८ तासांच्या आत परतावा मागावा; मिळण्याची शक्यता तेव्हा सगळ्यात जास्त. आमची खरेदी तीन आठवडे जुनी होती. ८८० रुपये चिरंजीवांच्या दिवाळीच्या ओवाळणीतून वळते झाले.

व्हॉट्सॲप: आईंच्या बाजूचं काम

अक्षरं मोठी करण्यापासून सुरू करा. हे सगळ्यात सोपं आहे आणि यानेच विश्वास बसतो. मग मराठी कीबोर्ड लावा आणि त्यावरचा माइक दाखवा. बोललं की उमटतं, हे पाहून आईंनी पहिला मेसेज धाकट्या बहिणीला बोलून पाठवला, तो साधारण दीड पानाचा होता. कुठेही पूर्णविराम नव्हता, पण मावशींना सगळं कळलं. त्या बोलतातही तशाच.

सुरक्षेची बटणं पाच. ‘अकाउंट’मध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ लावून सहा आकडी पिन ठेवा. मग ओटीपी कुणी काढून घेतला तरी नुसत्या ओटीपीने व्हॉट्सॲप पळवता येत नाही. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा आणि ओळखीचा नसलेला संगणक दिसला की बाहेर काढा. ‘प्रायव्हसी’मध्ये ‘ग्रुप्स’ला ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा, म्हणजे शेअर बाजारात दुप्पट पैसे देणाऱ्या ग्रुपमध्ये कुणी परस्पर ओढणार नाही. तिथेच ‘कॉल्स’खाली अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे, ती चालू करा. आणि ‘स्टोरेज’मध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. गुलाबाच्या फुलावरची सुप्रभात मग बोट लावल्याशिवाय उतरत नाही, फोन हँग व्हायचा थांबतो, आणि आईंच्या मते सुप्रभात न दिसल्याने दिवसाचं काही बिघडतही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं एपीके. ‘वाहनाचं चलन थकलंय’, ‘लग्नाची पत्रिका’, ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडू’ अशा मजकुराखाली जी फाइल येते आणि जिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. उघडलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की ओटीपी परस्पर पलीकडे जातात. उपाय सेटिंग्जमध्ये आहे: ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या सगळ्यांपुढचं बटण बंद करा. नातवाचं ‘फ्री स्किन’ याच उघड्या दारातून आलं होतं. दार बंद करण्याआधी आत कोण बसलंय तेही बघा. ॲपची पूर्ण यादी उघडायची आणि प्रत्येकापुढे आजीला विचारायचं, “हे तुमचं?” नाही म्हणाल्या की काढायचं. आमच्या यादीतली चौदा ॲप गेली. कँडी क्रश वाचलं. ते आईंचंच निघालं, लेव्हल चारशेच्या वर.

एक छोटी तपासणी राहते. डायलरवर *#२१# फिरवलं की कॉल दुसरीकडे वळवले आहेत का ते दिसतं. वळवलेले असतील तर ##००२# फिरवून सगळं वळवणं रद्द होतं. ‘कुरिअर आलंय, हा नंबर फिरवा’ असं सांगून लोकांकडून आधी नेमकं हे वळवणंच करून घेतात.

गेमचा वेळ मिनिटांत मोजू नका

आई-बाप इथेच सगळ्यात जास्त चुकतात, मीसुद्धा चुकले. ‘अर्धा तास’ म्हणायचं आणि तिसाव्या मिनिटाला फोन हिसकावायचा. मूल पिसाळतं, आणि आपण म्हणतो व्यसन लागलं. गेम कसा चालतो ते आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच.

बीजीएमआयसारख्या गेममध्ये शंभर जण एका नकाशावर उतरतात आणि शेवटचा उरेपर्यंत मॅच चालते. मोठ्या नकाशावर ती अर्ध्या तासाच्या आसपास जाते. चौघांचा स्क्वाड असतो. आपण मध्येच फोन ओढला की उरलेले तिघे अडकतात आणि संध्याकाळी खाली मैदानावर याला शिव्या खाव्या लागतात. फ्री फायर मॅक्समध्ये पन्नास जण आणि साधारण दहा मिनिटं. माइनक्राफ्टला शेवटच नाही, जिथे आहे तिथे सोडून उठता येतं, बांधलेलं घर उद्या तिथेच असतं. तेव्हा आधी मुलाशेजारी बसून त्याच्या गेमची एक मॅच किती चालते ते घड्याळ लावून बघा. क्रिकेटमध्ये ओव्हर संपल्यावर आपण हाक मारतोच ना?

त्यावरून ठराव करा. आमच्याकडे छोट्या गेमच्या शाळेच्या दिवशी तीन मॅच, रविवारी सहा. शेवटची मॅच सुरू करताना तो ओरडून सांगतो, “लास्ट!” फॅमिली लिंकची मर्यादा या हिशेबापेक्षा दहा मिनिटं जास्त ठेवली आहे. मॅच लांबली तर फोन मध्येच बंद पडू नये, आणि चौथी मॅच मात्र बसू नये. हे दहा मिनिटांचं गणित जमल्यापासून आमची भांडणं निम्म्यावर आली. निम्मी अजून आहेत.

कुठला गेम चालेल? प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली वयाचा आकडा असतो, ३, ७, १२, १६, १८. सोळाचा आकडा असलेला गेम बाराच्या मुलाला द्यायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. आम्ही नाही म्हटलं, आणि दोन दिवस घरात अबोला होता. पैसे लावून पैसे जिंकायचे गेम मात्र चर्चेतच नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्याने ते बंद झाले आहेत, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वादही त्यात उरलेला नाही. हे मुलापेक्षा घरातल्या काकांना सांगायची गरज जास्त असते.

गेममधल्या बोलण्याकडे आमचं लक्ष सगळ्यात उशिरा गेलं. मुलाच्या कानात हेडफोन होते, म्हणून पलीकडे कोण आहे ते आम्हाला ऐकूच येत नव्हतं. एकदा हेडफोन काढायला लावले, तर पलीकडचा आवाज सरळ पंचविशीतला. तो काही वाईट बोलत नव्हता. तरी नियम झाले. खेळ हॉलमध्ये, आवाज उघडा. ओळखीचे मित्र नसतील तर गेमच्या सेटिंग्जमधून माइक आणि व्हॉइस चॅट बंद. गेममधल्या नावात खरं नाव, शाळा, सोसायटी नाही. आणि ‘इथे नको, टेलिग्रामवर ये’, ‘डिस्कॉर्डवर ये’ असं कुणी म्हटलं की त्याच दिवशी घरी सांगायचं. सांगितल्यावर फोन जप्त होणार नाही, हे आम्ही त्याला लिहून दिलं आहे, दोघांच्या सह्यांनिशी. ते लिहून दिलं नसतं तर त्याने काहीच सांगितलं नसतं. आतापर्यंत एकदा सांगितलं आहे. ‘फ्री डायमंड’च्या, म्हणजे गेममधल्या फुकट पैशांच्या, बदल्यात कुणी लॉगिन मागत होतं. आम्ही दोघांनी मिळून त्याला ब्लॉक केलं.

मूल जेवण, झोप, शाळा, मित्र सगळं सोडून महिनोन् महिने गेमलाच धरून बसलं असेल, तर सेटिंग्जने भागणार नाही. गेमिंग डिसऑर्डर हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. बालमानसतज्ज्ञाकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा, मराठीतून बोलतात. सुट्टीत दोन तास जास्त खेळणारं मूल यात बसत नाही, उगाच घाबरू नका.

सोसायटीचा ग्रुप

यावर फार लिहीत नाही, पुण्यात या विषयाला अंत नाही. ग्रुप चालवणारे तुम्हीच असाल तर पाणी-लिफ्ट-वर्गणीच्या सूचनांसाठी एक ग्रुप असा ठेवा की ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतील, आणि गप्पांसाठी दुसरा. आईंसारख्यांना पहिला ठेवून दुसरा म्यूट करून द्या. मेसेजवर दोन बाण दिसले, म्हणजे तो खूपदा फिरून आलेला आहे, तर तो पुढे ढकलण्याआधी घरात एकदा वाचून दाखवायचा. आमच्याकडे वाचून दाखवल्यावर दहातला एक पुढे जातो.

फोन आलाच तर

हा शेवटचा तास आम्ही नाटक करण्यात घालवला. मी आतल्या खोलीतून आईंना फोन केला, आवाज जाड करून, हिंदीत. “आपके नाम का पार्सल पकडा गया है.” पहिल्यांदा त्या खरंच घाबरल्या, नंबर माझा दिसत असूनही. दुसऱ्यांदा हसल्या. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच विचारलं, “कुठलं पोलीस ठाणं? अलंकार की कोथरूड?” सराव एवढा पुरे.

त्यांना जे सांगितलं ते असं. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, न्यायाधीश कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, आणि चौकशीसाठी पैसे ‘तपासायला’ मागत नाही. ‘कुणाला सांगू नका, कॅमेऱ्यापुढून हलू नका’ म्हणाला की फोन ठेवायचा आणि शेजारच्या काकूंचं दार वाजवायचं.

पैसे गेलेच तर आधी १९३० ला फोन, रडणं नंतर. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात मिनिटांत फिरवतात. १९३० वर तक्रार नोंदली की बँकांना कळवून वाटेतच ते अडवता येतात. म्हणून पहिला तास सोन्याचा. हाताशी बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक ठेवा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. सोबत बँकेला कळवा. तुमची चूक नसताना गेलेल्या पैशांबाबत तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे भुर्दंड तुमच्यावर येत नाही. पिन स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. प्रत्यक्ष जायचं झालं तर पुणे पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं शिवाजीनगरला आहे. हिंजवडी-वाकडकडच्यांनी लक्षात ठेवा, तुमचं आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं, २०१८ पासून वेगळं.

फोन हरवला तर ‘संचार साथी’ पोर्टलवर किंवा ॲपवर तो ब्लॉक करता येतो, त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. डायलरवर *#०६# फिरवून तो आजच वहीत लिहून ठेवा; हरवलेल्या फोनवर फिरवता येत नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही तिथेच कळतं. आमच्या आईंच्या नावावर तीन निघाली. दोन कुणाची ते सासऱ्यांच्या वेळचं प्रकरण आहे, ते राहू दे. बंद केली.

ही सगळी माहिती एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावली. १९३०. पिन फक्त पैसे द्यायला. एपीके उघडायचं नाही. शेजारच्या काकूंचा नंबर. दोन दिवसांनी बघितलं तर खाली आईंच्या अक्षरात पाचवी ओळ होती: ‘पोलीस असेल तर कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत थांब म्हणावे.’ आणि त्याच्या खाली, पेन्सिलीने, नातवाची सहावी: ‘आजी लेव्हल ४३१ ला अडकलीये. दुपारी चारनंतर शिकवीन.’